अ‍ॅम्पचा रिले संध्याकाळी टिकच वाजत नाही. मेकॅनिक म्हणतो ‘डायरेक्ट करू’. करू का?

द्राक्षबाग_पलूस (रविवार, रात्री ९.१०)

मंडळी, नमस्कार. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचे चुलते गलाईच्या धंद्यात बरीच वर्षं केरळात होते. तिथं गल्फवरून आलेल्या एकाकडून त्यांनी जपानी अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. दहा-बारा किलोचं धूड, पुढं सुया हलणारे दोन मीटर. आता तो माझ्याकडे आलाय. दिवाळीच्या आधी उजवा चॅनल गेला, म्हणून सांगलीत एकाकडे दुरुस्तीला टाकला. त्यानं आउटपुटचे ट्रान्झिस्टर बदलले, आणखी दोन-चार जळके रेझिस्टन्स बदलले आणि सेट वाजता करून दिला.

पण तेव्हापासून एक खोड लागलीय. सकाळी चालू केला की चार-पाच सेकंदांनी आत रिले (विजेनं ओढला जाणारा स्विच) ‘टिक’ वाजतो आणि आवाज येतो. संध्याकाळी चालू केला तर टिक वाजतच नाही. दिवे लागतात, मीटरच्या सुया नाचतात, स्पीकर मुके. उजवीकडची हीट सिंकही (ट्रान्झिस्टर गार ठेवणारी धातूची पट्टी) चांगलीच तापते, हात ठेववत नाही.

मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला, “प्रोटेक्शनचं लफडं आहे, जुन्या सेटला असतंच. रिले काढून डायरेक्ट करून देतो, शंभर रुपये द्या.”

माझे प्रश्न दोन. डायरेक्ट करावं का? आणि आत प्लेटवर ‘बायस’ लिहिलेले दोन छोटे प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचे रेझिस्टन्स) आहेत, ते कशासाठी असतात? मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग येतं, थिअरीच्या नावानं बोंब.

भडंग_विश्रामबाग (९.२२)

संध्याकाळी मुका होणारा सेट म्हणजे नशीबवान माणूस. आमच्या शेजारचा संध्याकाळीच बोलायला लागतो.

तीनहजारपंचावन्न (९.४१)

डायरेक्ट करा आणि गप गाणी ऐका. १९८६ पासून प्लेटा बांधतोय. ३०५५ ट्रान्झिस्टरच्या जोडीवर किती तरी सेट बनवून दिले, एकालाही रिले नव्हता आणि एकाचाही स्पीकर जळला नाही. ही सगळी कंपन्यांची नाटकं. जितके पार्ट जास्त, तितका बिघाड जास्त.

मंडळाचा_साउंड (१०.०५)

काकांचा मान राखून सांगतो, असं करू नका.

मी हेच करून बसलोय. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, ऐन गणपतीत. रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते, आवाज तुटत होता. वेळ नव्हता म्हणून वायरचा तुकडा टाकून दोन्ही टोकं जोडली. तिसऱ्या दिवशी आरती संपता संपता एका बाजूनं ‘धप्प’ झालं आणि मग नुसता घूंऽऽ. पंधराएक सेकंदांत खोक्याच्या भोकातून धूर. पोरांना वाटलं कुणी धूप जास्त टाकला. बारा इंची वूफर उघडला तर कोन पुढं येऊन तिथंच अडकलेला आणि कॉइलच्या तारेवरचं वार्निश वितळून डांबर झालेलं. तो वास अजून नाकात आहे.

आउटपुटचा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला होता, बाकी काही नाही. ट्रान्झिस्टरचे दीडशे आणि वूफरचे साडेतीन हजार.

सिरीजबल्ब (१०.५०)

द्राक्षबाग, प्रश्न नीट विचारलात, त्यामुळे नीट लिहितो. चहा घेऊन बसा.

तुमच्या सेटला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा दोन सप्लाय असणार. वरचा ट्रान्झिस्टर स्पीकरला वर ओढतो, खालचा खाली ओढतो आणि शांततेत मधला बिंदू शून्यावर राहतो. दोघांतला एक शॉर्ट झाला की अख्खी सप्लाय सरळ स्पीकरवर येते. समजा ४३ व्होल्ट आहे. आठ ओहमचा म्हणतो तो वूफर डीसीला साधारण सहा ओहमचाच असतो. म्हणजे सात अँपिअर, तीनशे वॅट, आणि त्यातला एकही वॅट आवाजाचा नाही, सगळी शेगडी. साउंडभाऊंनी तेच पाहिलं.

रिले मध्ये बसतो तो यासाठी. त्याच्यामागे बऱ्याच जुन्या जपानी सेटमध्ये एका ओळीत आठ पायांची छोटी आयसी असते, यूपीसी १२३७. तिचा दुसरा पाय आउटपुटवर डीसी आलाय का हे बघतो, पहिला पाय करंट जास्त ओढला जातोय का हे बघतो, चौथा मेनची वीज गेली का ते. सातव्या पायावरचा कंडेन्सर सावकाश भरतो, म्हणून ती चार-पाच सेकंदांची वाट. चालू करताना जो ‘धप’ व्हायचा तो तेवढ्यात आतल्या आत जिरतो. सगळं ठीक असेल तर सहावा पाय रिले ओढतो. म्हणजे रिले न लागण्याची निदान पाच-सहा कारणं असू शकतात. मेकॅनिकनं एकही न तपासता राखणदारालाच हाकलायचं ठरवलं.

आता करायचं असं. आधी सिरीज बोर्ड: फेजमध्ये साठ किंवा शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर बरं, लखलखीत राहिला तर आत शॉर्ट आहे. एक लक्षात ठेवा, सिरीजवर व्होल्टेज पडतं, त्यामुळे रिले ओढला नाही तरी घाबरू नका.

मग सरळ मेनवर, स्पीकर काढून, रिलेच्या अलीकडे दोन्ही चॅनलचं डीसी मोजा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. नंतर आउटपुट ट्रान्झिस्टरजवळच्या पांढऱ्या सिमेंटच्या रेझिस्टन्सवर दोन्ही टोकांना प्रोब लावून किती मिलिव्होल्ट ते बघा. चालू केल्या केल्या एकदा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा.

प्रीसेटला अजून हात लावायचा नाही. आणि प्रोबला मगरचिमटे लावून मगच सेट चालू करा, चालू सेटमध्ये प्रोब टेकवायला जाऊ नका. माझा एकदा घसरला होता, अर्ध्या सेकंदात चार ट्रान्झिस्टर गेले.

भडंग_विश्रामबाग (११.०२)

शंभरचा तारेचा बल्ब आता सांगलीत मिळतो का? मागच्या आठवड्यात मागितला तर दुकानदारानं मला ‘कोंबडीची पिल्लं पाळताय का’ विचारलं.

द्राक्षबाग_पलूस (सोमवार, दुपारी १.३०)

बल्ब मिळाला, पोल्ट्रीवाल्याकडेच. सिरीजवर पेटून मंद झाला.

आत तीच आठ पायांची आयसी आहे. सप्लाय दोन्हीकडे ४३. आउटपुटवर डीसी डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे ३१. सिमेंटचे रेझिस्टन्स ०.२२ ओहमचे. डावीकडे सुरुवातीला ११, पंधरा मिनिटांनी १२. उजवीकडे सुरुवातीला १४ आणि पंधरा मिनिटांनी ५५! अजून चढतच होता, घाबरून बंद केला.

सिरीजबल्ब (२.१५)

डीसी दोन्हीकडे ठीक आहे, तिथं आयसीची तक्रार नसणार. पण उजवीकडचे ५५ वाईट. भागिले ०.२२ केलं तर २५० मिलिअँपिअर. वरून खाली ८६ व्होल्ट (४३ अधिक ४३), म्हणजे गाणं न लावताच साडेएकवीस वॅट त्या हीट सिंकमध्ये जातायत. हात कसा ठेववेल?

आता बायस म्हणजे काय ते. जात्यावर दोघी बसल्यात असं समजा. अर्धा फेरा एकीचा, अर्धा दुसरीचा. पण जिचा जोर नाही तिनंही खुंट्यावरचा हात सोडायचा नसतो, हलका ठेवायचा. हात सोडला आणि आपली पाळी आल्यावर पुन्हा धरला तर जातं गचका खातं. ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय उघडत नाही, म्हणून वरच्याकडून खालच्याकडे जाताना मध्ये तसाच गचका बसतो. तो घालवायला दोघांनाही कायम थोडं उघडं ठेवायचं, त्या थोड्याचं माप म्हणजे तुमचा प्रीसेट.

गोम अशी की ट्रान्झिस्टर तापला की कमी व्होल्टवरच उघडतो, दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट कमी. म्हणजे बायस तोच ठेवला तर करंट वाढणार, करंटनं आणखी तापणार, तापल्यानं आणखी करंट. हे थांबवायला एक छोटा ट्रान्झिस्टर मुद्दाम हीट सिंकला चिकटवलेला असतो. हीट सिंक तापली की तोही तापतो आणि बायस तेवढा उतरवतो.

११ वर सुरू होऊन १२ वर थांबणारी डावी बाजू म्हणजे तो आपलं काम करतोय. १४ वरून ५५ वर जाणारी उजवी बाजू म्हणजे त्याला ताप कळतच नाहीये. बघा बरं, उजवीकडचा तो छोटा ट्रान्झिस्टर कुठं आहे?

मिरजेचा_खुंटा (४.४०)

जात्याची उपमा आवडली. आमच्या घरी तंबोऱ्यांचं काम चालतं, तिकडची एक गोष्ट सांगतो.

बायस कमी असलेला अ‍ॅम्प मोठ्या आवाजात कळत नाही. ढोलकी, बँजो लावा, कुणाला पत्ता लागणार नाही. तंबोरा हळू आवाजात लावा. जवारी लागलेली तार सुटते तेव्हा आवाज फुलत जातो आणि सावकाश विरतो. विरताना शेवटी जी बारीक झिणझिण राहते, ती बायस कमी असेल तर कागद चुरगळल्यासारखी येते. जवारी लावताना आम्ही घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवतो. केसभर इकडं तार बोदी, केसभर तिकडं नुसती खरखर. तुमच्या प्रीसेटचं तसंच दिसतंय.

तीनहजारपंचावन्न (५.१०)

खुंटासाहेब, तेच म्हणतोय मी. कानानं लावायचं. मिलिव्होल्ट कशाला?

सिरीजबल्ब (५.३५)

काका, कमी असलेलं कानाला कळतं. जास्त असलेलं कळत नाही, ते हाताला चटका बसल्यावर कळतं. म्हणून मीटर.

सातारी_कंदी (५.५०)

पण आकडा कुठला धरायचा? कुणी १० सांगतं, कुणी २५. मी माझ्या सेटला २५ वर ठेवलाय, आवाज पेढ्यासारखा झालाय.

सिरीजबल्ब (६.०५)

सेटच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. तो नसेल तर चालू असलेल्या बाजूचा. यांची डावी बाजू कुणी छेडलेली नाही आणि ती १२ वर स्थिर आहे, तर उजवीही १२. पेढ्यासारखा आवाज करायचा असेल तर हीट सिंकही हलवायाच्या कढईएवढी लागेल.

पूररेषा (७.२०)

प्रीसेटवरून आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यावर कृष्णा आठवडाभर मुक्कामाला होती. अ‍ॅम्प कपाटाच्या वर ठेवला होता, कपाटच पालथं झालं. पाणी उतरल्यावर तो धुतला (हो, धुतला, गाळ वाळून बसण्याआधी साध्या पाण्यानं, मग स्पिरिटनं), पंधरा दिवस उन्हात वाळवला. सिरीजवर बल्ब मंद. खूश झालो. मेनवर लावला, दोन मिनिटं छान वाजला आणि फटाक.

नंतर एका जाणत्या माणसानं दाखवलं. प्रीसेटच्या फिरत्या पट्टीखाली गाळाचा पापुद्रा राहिला होता, पट्टी टेकतच नव्हती. आणि ज्यानं ते सर्किट काढलं होतं त्यानं प्रीसेट चुकीच्या जागी ठेवला होता. त्या छोट्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टर या पायांच्या मध्ये प्रीसेट असेल आणि तो उघडा पडला, तर बायस भसकन सगळ्यात जास्त होतो. बेस आणि एमिटर या पायांच्या मध्ये असेल तर उघडा पडल्यावर सगळ्यात कमी होतो, आवाज बिघडतो पण सेट जगतो. तेव्हापासून कुठलाही जुना सेट आला की मी आधी तेवढंच बघतो.

तीनहजारपंचावन्न (८.१५)

माझ्यावर सगळे तुटून पडलात म्हणून खुलासा. माझ्या प्लेटा एकाच सप्लायच्या असायच्या. मधला बिंदू अर्ध्या सप्लायवर आणि स्पीकरच्या आधी २२०० मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तरी कंडेन्सर डीसी जाऊ देत नाही, एक धप होतो आणि संपलं. म्हणून माझे स्पीकर जळले नाहीत. या पोराच्या सेटला दोन सप्लाय आहेत हे मी नीट वाचलं नव्हतं. तिथं डायरेक्ट नको. शब्द मागे.

मंडळाचा_साउंड (८.३०)

काका, मानलं. माझ्या वूफरचे साडेतीन हजार मात्र कुणी मागे देईना.

रिलेचं आणखी एक सांगून ठेवतो, हे मला नंतर कळलं. रिले असला तरी ४३ व्होल्ट डीसी तोडताना कॉन्टॅक्टमध्ये वेल्डिंगसारखी ठिणगी ओढली जाते. एसी सेकंदात कित्येकदा शून्यावर येते म्हणून विझते, डीसी विझत नाही. त्यासाठी स्पीकरची वायर रिलेच्या मधल्या पायाला जोडायची आणि न वापरलेला तिसरा पाय ग्राउंडला. पट्टी मागे पडली की ठिणगी ग्राउंडला जाते, फ्यूज उडतो, स्पीकर वाचतो. आता माझ्या सगळ्या सेटना तसंच करून घेतलंय.

द्राक्षबाग_पलूस (मंगळवार, दुपारी १२.२०)

सिरीजबल्बसाहेब, तुमचे पाय कुठं आहेत ते सांगा.

डावीकडचा छोटा ट्रान्झिस्टर हीट सिंकच्या मधोमध स्क्रूनं आवळलेला, मध्ये अभ्रकाची चकती, पांढरी पेस्ट. उजवीकडचा? वायरीवर लोंबकळत, हवेत! हीट सिंकवर स्क्रूचं भोक रिकामं. नवे ट्रान्झिस्टर घालताना काढला आणि परत बसवायचा राहिला. आणि तापतंय म्हणून प्रीसेटही फिरवलेला दिसतोय, मूळचा लाल रंगाचा ठिपका दोन जागी तुटलाय.

पेस्ट लावून, अभ्रक घालून, स्क्रू आवळला. प्रीसेट फिरवून वीस मिनिटं तापू दिलं. १२ वर थांबला. तासाभरानं १२.५. हीट सिंक कोमट.

पण मूळ दुखणं तसंच. काल संध्याकाळी सातला पुन्हा टिक नाही.

सातारी_कंदी (१.०५)

मग चौथा पाय. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर आयसीला वाटत असेल वीज गेली.

द्राक्षबाग_पलूस (रात्री ८.४०)

आताच मोजलं. चौथ्या पायावर सकाळी होतं त्यात फारसा फरक नाही. सहावा पाय चार सेकंदांनी बरोबर खाली येतो. म्हणजे आयसी ओढ म्हणतेय, रिलेच ओढत नाहीये! मेनला सकाळी २३५ होते, आता १९० आहेत. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू होतात. पण दुरुस्तीच्या आधीही हेच १९० होते आणि तेव्हा टिक वाजायचा.

आणि एक गंमत. सकाळी चालू करून तसाच ठेवला तर संध्याकाळी १९० झाले तरी चालूच राहतो. बंद करून पुन्हा लावला की मुका.

कुपवाड_शिफ्ट (११.५०)

सेकंड शिफ्ट सुटली, आता वाचतोय. अ‍ॅम्पमधलं मला काही कळत नाही, मी पॅनेलवाला. पण शेवटच्या दोन ओळी वाचून हसलो. हा तर आमचा रोजचा काँटॅक्टर, म्हणजे मोठा रिलेच.

रिले ओढायला जोर जास्त लागतो, धरून ठेवायला कमी. २४ व्होल्टचा रिले साधारण १८ मिळाले की ओढतो, पण एकदा ओढला की बऱ्याच खाली गेल्याशिवाय सोडत नाही, कारण लोखंड लोखंडाला टेकलेलं असतं. तुमच्या रिलेच्या कॉइलला पुरेसं व्होल्टेज पोचत नाहीये. परवा सिरीजबल्ब स्वतःच लिहून गेलेत की व्होल्टेज पडलं तर रिले ओढणार नाही. तुमचं अख्खं गावच संध्याकाळी सिरीजवर असतं!

४३ वरून २४ चा रिले चालवायला मध्ये एक रेझिस्टन्स असणार. मेकॅनिकनं बदललेल्या ‘दोन-चार जळक्या रेझिस्टन्स’मध्ये तो आहे का बघा.

भडंग_विश्रामबाग (११.५८)

‘अख्खं गावच सिरीजवर’. महावितरणनं हे फ्रेम करून लावावं.

द्राक्षबाग_पलूस (बुधवार, सकाळी १०.१५)

आहे! नवा रेझिस्टन्स, पाय चकचकीत, पट्ट्या राखाडी-लाल-तपकिरी, म्हणजे ८२०. कॉइल मोजली, ६५० ओहम. आत्ता चालू असताना कॉइलवर १८.७ व्होल्ट. काल संध्याकाळी प्रयत्न केला तेव्हा १५ होते.

सिरीजबल्ब (१०.४०)

कुपवाडकर, साष्टांग. मी लिहिलं आणि मीच विसरलो.

हिशेब जुळतो. ४३ मध्ये ६५० आणि ८२० वाटून घेतात, कॉइलच्या वाट्याला एकोणीसच्या आसपास. कसाबसा ओढतो. संध्याकाळी सप्लाय ३५ च्या खाली जाते, कॉइलला पंधरा. नाही ओढत. मूळचा ४७० असणार: ४३ वर बरोबर पंचवीस येतात आणि १९० च्या मेनलाही जवळजवळ वीस. दोन वॅटचा घाला, पाव वॅटचा नको, त्यात जवळजवळ पाऊण वॅट सतत जिरतो. पहिला जळला तोही बहुधा त्यामुळेच. प्लेटपासून थोडा उचलून बसवा. आणि हात घालण्याआधी मोठ्या फिल्टर कंडेन्सरमधला चार्ज उतरवा, स्क्रूड्रायव्हर टेकवून नाही, बल्ब घातलेलं होल्डर लावून.

तीनहजारपंचावन्न (११.००)

माझ्याकडे ४७० ओहम दोन वॅटचे डबाभर पडलेत. सांगलीत आलात तर घेऊन जा. पैसे नकोत, द्राक्षं चालतील.

द्राक्षबाग_पलूस (गुरुवार, रात्री ७.५०)

काकांकडून आणला, बसवला. चहा आणि दोन तास गप्पा झाल्या, ते वेगळंच.

सव्वासातला मेनला १८८ होते. बटण दाबलं. आई शेजारी देवापाशी वात लावत होती. एक, दोन, तीन, चार... टिक.

आई म्हणाली, “पाल चुकचुकली बघ.”